नंबर राखून ठेवा, खातं उघडून ठेवू नका

डेबियन ही लिनक्स-सिस्टीम नव्याने टाकली, तिच्यावर एकही वेब सर्व्हर चढवला नाही, तरी खात्यांची यादी असलेली ‘ईटीसी-पासवर्ड’ फाईल उघडली की ३३ नंबरवर ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ हे वेब सर्व्हरचं खातं बसलेलं दिसतं. फ्रीबीएसडी या युनिक्स-सिस्टीमवर ५३ नंबरवर ‘बाइंड’ आहे. बाइंड हा नेमसर्व्हर (साइटच्या नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर) मूळ सिस्टीममधून १०.० आवृत्तीत, म्हणजे २०१४ साली, बाहेर पडला; त्याचं खातं पुढच्या आवृत्त्यांतही राहिलं. मॅकवर पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल हे डेटाबेस टाकलेले नसतानाही २१६ नंबरचं ‘_पोस्टग्रेस’ खातं आणि ७४ नंबरचं ‘_मायएसक्यूएल’ खातं सापडतं. सोलारिस या युनिक्सवर ८० नंबर ‘वेबसर्व्हडी’ या वेब-खात्याचा. घरात कोणी राहत नाही, पण दारावर पाटी लावलेली.

अशा पाट्या, म्हणजे सर्व्हर-सेवा चालवण्यासाठीची खाती, ऑपरेटिंग सिस्टीमने आधीच लावून द्याव्यात का, हा वाद जुना आहे. एक बाजू म्हणते, सेवा कोणती येणार हे ठाऊक असतं, मग खातं तयार ठेवलेलं बरं. दुसरी बाजू म्हणते, जे लागत नाही ते यंत्रावर नको. दोन्ही बाजू अर्ध्या बरोबर आहेत, कारण नाव, नंबर आणि खातं या तीन वेगळ्या गोष्टी त्या एकाच पोत्यात भरतात. ‘पोस्टग्रेस’ हे नाव. रेड हॅट या लिनक्सवरचा त्याचा २६ हा नंबर. आणि पासवर्ड-फाईलमधली सात रकान्यांची ओळ, तिच्या जोडीला शॅडो-फाईलमधली (पासवर्डची) ओळ, होम फोल्डर आणि शेल (आज्ञा घेणारा प्रोग्रॅम), हे सगळं मिळून खातं. माझं म्हणणं असं की नाव आणि नंबर सिस्टीम बनवणाऱ्यांनी आधीच राखून ठेवावेत आणि ते सगळीकडे एकच असावेत. खातं मात्र त्या सॉफ्टवेअरसोबत यावं, त्याआधी नाही. आणि एका खात्यात दोन सेवांचा संसार नको.

नंबरावर एवढा भर का, ते आधी. डिस्कवरच्या फाईलवर मालकाचं नाव कुठेच लिहिलेलं नसतं, फक्त नंबर असतो. सातबाऱ्यावर नुसता खाते क्रमांक असावा आणि त्या क्रमांकाचा खातेदार कोण हे तलाठ्याच्या दप्तरात बघावं, तसा हा प्रकार; इथलं दप्तर म्हणजे पासवर्ड-फाईल. दप्तर बदललं की जमीन दुसऱ्याची. कर्नलला, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याला, ‘पोस्टग्रेस’ हा शब्द माहीत नाही. त्याला २६ माहीत आहे. ज्याच्या हाती ससा तो पारधी.

रेड हॅटच्या घराण्यात पोस्टग्रेसला २६, मायएसक्यूएलला २७ आणि अपाचे या वेब सर्व्हरला ४८ हे नंबर वर्षानुवर्षं ठरलेले आहेत. डेबियनवर पोस्टग्रेसला ठरावीक नंबर नाही. १०० ते ९९९ या पट्ट्यात जो मोकळा असेल तो मिळतो. आता रेड हॅटवरची डेटा-डिस्क काढून डेबियनच्या यंत्राला जोडा. पोस्टग्रेस चालूच होणार नाही, डेटा डिरेक्टरीची मालकी चुकीची आहे असं सांगून थांबेल. हा चांगला शेवट, कारण चूक ओरडून सांगितली जाते. वाईट प्रकार वेगळा. दोन डेबियन यंत्रांवर पॅकेजं तीच, पण टाकण्याचा क्रम वेगळा. पहिल्यावर ११४ नंबर पोस्टग्रेसचा आहे, दुसऱ्यावर तोच ११४ देखरेखीच्या एखाद्या एजंटला गेला आहे. डिस्क हलवली की त्या एजंटला डेटाबेसच्या सगळ्या फाईली वाचता-लिहिता येतात. डेटा डिरेक्टरीची परवानगी ०७०० आहे ना, म्हणून निश्चिंत राहण्यात अर्थ नाही. ०७०० म्हणजे ‘फक्त मालकाला’, आणि मालकच बदललेला आहे.

क्रमावर नंबर अवलंबून असण्यात आणखी एक गंमत आहे. सिस्टीम-खातं बनवताना ‘यूजरअ‍ॅड’ ९९९ पासून खाली उतरत मोकळा नंबर शोधतं, तर डेबियनचं ‘अ‍ॅडयूजर’ १०० पासून वर चढत जातं. म्हणून एकाच यंत्रावर काही सेवा शंभरीत आणि काही नऊशे-नव्वदीत दिसतात. यात कुठलंही धोरण नाही, दोन अवजारांच्या दोन सवयी आहेत.

नंबर चुकला तर उपाय सोपा आहे, पण वेळ कशात जातो ते ठाऊक हवं. सेवा थांबवायची, ‘फाइंड’ने जुन्या नंबरच्या फाईली शोधायच्या आणि ‘चोन’ला ‘-एच’ पर्याय देऊन मालक बदलायचा. ‘-एच’ नसेल तर सिम्लिंकऐवजी ती जिकडे बोट दाखवते त्या फाईलचा मालक बदलतो. पोस्टग्रेसच्या फाईली एकेक जीबीच्या तुकड्यांत असल्यामुळे टेराबाइटचा डेटाबेसही लवकर आटपतो. मेलडिर पद्धतीच्या मेल सर्व्हरवर एकेक पत्र म्हणजे एकेक फाईल. तिथे लाखो फाईलींचा मालक बदलताना रात्र जाते. बॅकअपचीही तीच कथा. ‘टार’ आणि ‘आरसिंक’ ही कॉपीची अवजारं रूटने, म्हणजे सर्वाधिकारी खात्याने, चालवली की मालक नावाने जुळवतात, नाव सापडलं नाही तरच नंबर वापरतात. रेस्क्यू पेनड्राइव्हवरून अख्खी सिस्टीम परत घालताना हे अंगाशी येतं: पेनड्राइव्हच्या दप्तरातले नंबर वेगळे, आणि परत घातलेल्या फाईलींवर तेच चढतात. तिथे ‘टार’ला न्यूमेरिक-ओनर आणि ‘आरसिंक’ला न्यूमेरिक-आयडीज हे पर्याय द्यायलाच हवेत. उलट एका यंत्रावरून दुसऱ्या वेगळ्या यंत्रावर फक्त डेटा नेताना हेच पर्याय घातक, तिथे नावाने जुळणीच हवी. नंबर सगळीकडे एकच असते तर हा विवेक ठेवायची वेळच आली नसती.

सामायिक साठवणीत तर पर्यायच उरत नाही. एनएफएस या नेटवर्कवरून फाईली वाटणाऱ्या पद्धतीच्या तिसऱ्या आवृत्तीत तारेवरून नंबरच जातो. चौथ्या आवृत्तीत मालक ‘नाव@डोमेन’ असा सांगता येतो, पण साध्या ‘सिस’ सुरक्षेवर विनंती कोणाची हे तिथेही नंबरावरूनच ठरतं. आभासी यंत्रं एका होस्टवरून (त्यांना चालवणाऱ्या खऱ्या यंत्रावरून) दुसऱ्यावर चालू अवस्थेत हलवायची तर त्यांच्या डिस्क-फाईलींचा मालक दोन्हीकडे एकच नंबर हवा. डेबियनने याच कारणासाठी ‘लिबव्हर्ट-क्यूइएमयू’ या आभासी यंत्रांच्या खात्याला ६४०५५ हा नंबर कायमचा दिला आहे. सेफ या साठवण-प्रणालीला डेबियनवर ६४०४५ मिळालेला आहे. रेड हॅटवर तिचाच नंबर १६७. दोन्हीकडे नंबर पक्का, आणि दोन्हीकडे वेगळा! सेफच्या कंटेनर-प्रतिमा (सॉफ्टवेअर आणि त्याला लागणारी सिस्टीम यांचे तयार गठ्ठे) सेंटओएस या रेड हॅटच्या भावंडाच्या पायावर बनत आल्या. त्यामुळे ‘सेफअ‍ॅडम’ने डेबियनवर मांडणी केली तरी व्हार-लिब या डेटाच्या फोल्डरमधल्या फाईलींवर १६७ दिसतो, आणि त्या यंत्रावर १६७ भलत्याच सेवेचा असेल तर फाईलींची यादी दाखवणारं ‘एलएस’ निर्विकारपणे तिचं नाव दाखवतं.

कंटेनर आले की हा प्रश्न मिटेल असं वाटलं होतं. तो वाढला. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, रेडिस, मोंगोडीबी: या चारही डेटाबेसांच्या अधिकृत डॉकर प्रतिमांत (डॉकर हे कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर), डेबियन, उबंटू किंवा ओरॅकल लिनक्सच्या पायावर, सेवेचा नंबर ९९९ राहिलेला आहे. प्रत्येकाने आपापल्या रिकाम्या घरात पहिला मोकळा नंबर घेतला, आणि तो सगळ्यांना एकच मिळाला. युजर नेमस्पेस (कंटेनरमधले नंबर होस्टवर वेगळ्या नंबरांत बदलणारी सोय) चालू नसेल तर होस्टच्या कर्नलसाठी हे चौघं एकच माणूस. होस्टवरच्या व्हॉल्यूम-फोल्डरपर्यंत एकाचा हात पोचला तर इतर तिघांचा डेटाही त्याचाच. प्रक्रियांच्या संख्येवरची ‘एनप्रॉक’ मर्यादा लावून बघा: ती कंटेनरला लागत नाही, नंबराला लागते, एकाने कोटा संपवला की दुसऱ्याला नवी प्रक्रिया काढता येत नाही, आणि कारण शोधणारा भलत्याच कंटेनरच्या नोंदी चाळत बसतो. शिवाय पाया बदलला की नंबर बदलतो. अल्पाइन या छोट्या लिनक्सच्या पायावरची पोस्टग्रेसची प्रतिमा ७० नंबर वापरते. पीएचपी या वेब-भाषेच्या डेबियन प्रतिमेत वेब-खातं ३३, अल्पाइनमध्ये ८२, आणि शेजारच्या एनजीनएक्स या वेब सर्व्हरच्या अधिकृत प्रतिमेत १०१. जागा वाचवायला कोणी प्रतिमेच्या नावापुढे ‘अल्पाइन’ लिहितो आणि दुसऱ्या दिवशी अपलोड बंद पडतात.

आता जी वितरणं अख्खी प्रतिमा म्हणून बदलली जातात, म्हणजे पॅकेजं एकेक न चढवता पूर्ण सिस्टीमच नवी येते आणि डेटाचं ‘व्हार’ फोल्डर मात्र जुनंच राहतं, तिथे चालत्या क्रमाने नंबर देणं म्हणजे विकतचं दुखणं. प्रतिमा बांधताना पॅकेजांचा क्रम जरा हलला की त्या महिन्यातल्या प्रतिमेत सेवेचा नंबर ९९१ ऐवजी ९९०, आणि यंत्रावरचा डेटा अजून ९९१ च्या नावावर.

इतकं वाचून कोणी म्हणेल, मग सगळ्या सेवांची खाती नंबरासह आधीच घालून द्या, भानगड मिटली. इथेच माझी वाट वेगळी होते.

पहिली अडचण जागेची. डेबियनचा सर्वत्र-समान पट्टा ० ते ९९, म्हणजे शंभर नंबर. रेड हॅटच्या घराण्यातल्या फेडोरात तो २०० पर्यंत. त्यातले कितीतरी ‘न्यूज’, ‘यूयूसीपी’, ‘गेम्स’ अशा मंडळींनी अडवलेले. बग-नोंदींच्या ‘नॅट्स’ या प्रणालीचं ४१ नंबरचं खातं डेबियन ११ पर्यंत प्रत्येक यंत्रावर होतं. ते वापरणारं यंत्र शेवटचं कधी पाहिलं, हे भल्याभल्या प्रशासकांना सांगता आलं नसतं. खातं एकदा दिलं की काढायला दशकं लागतात, कारण कुठल्या कोपऱ्यात त्या नंबरच्या फाईली असतील याची खात्री कोणीच देत नाही.

दुसरी अडचण नावांची. पॅकेज टाकताना स्क्रिप्ट आधी विचारते, या नावाचं खातं आहे का? असेल तर नवं बनवत नाही. संस्थेत एलडॅप (सगळ्या यंत्रांसाठीची सामायिक खाते-यादी) असेल तर हा प्रश्न संस्थेच्या पूर्ण दप्तराला जातो. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव यांच्या आद्याक्षरांवरून तीन अक्षरी लॉगिन देण्याची जुनी रीत आहे. बी. आय. एन., एस. वाय. एस., एम. ए. एन. ही आद्याक्षरं कोणाचीही असू शकतात, आणि ही तिन्ही खाती डेबियनवर आधीच बसलेली आहेत. उलट बाजूने, कोणा कर्मचाऱ्याचं एलडॅपमधलं लॉगिन एखाद्या सेवेच्या नावाशी जुळलं तर ती सेवा गुपचूप त्या माणसाच्या खात्यावर चालायला लागते. ओपनबीएसडी या युनिक्सने नावाआधी अधोरेखा लावायची शिस्त पाडली, मॅकने ती घेतली, डेबियनच्या धोरणातही नव्या सेवा-खात्यांची नावं अधोरेखेने सुरू करावीत असं लिहिलेलं आहे. पैसा न लागणारा उपाय आहे; तरी नवं सॉफ्टवेअर लिहिणारे आपल्या उत्पादनाचं नाव तसंच्या तसं खात्याला देतात.

तिसरी अडचण सगळ्यात मोठी. आयतं खातं मिळालं की सगळे त्याच्यातच शिरतात. ‘नोबडी’चं काय झालं ते बघा. हे खातं मुळात एनएफएसवर दूरच्या रूटला निर्बल करण्यासाठी, म्हणजे ज्याच्या मालकीचं काहीच नाही अशा कोणासाठी. अपाचे १.३ च्या मूळ मांडणीत वेब सर्व्हर ‘नोबडी’ म्हणून चाले. पुढे जो तो ‘नोबडी’ होऊ लागला, आणि ज्याचं काहीच नसायला हवं ते खातं यंत्रावरचं चांगलं सधन खातं झालं. एकाच नंबरच्या दोन सेवा एकमेकींना सिग्नल पाठवून मारू शकतात, बऱ्याचदा एकमेकींचं एन्व्हायर्नमेंट, म्हणजे सुरू होताना मिळालेली मूल्यं, वाचू शकतात, आणि आजकाल पासवर्ड नेमके तिथेच ठेवलेले असतात. रेड हॅटवर तर ‘नोबडी’ ९९ आणि एनएफएससाठी वेगळा ६५५३४ अशी दोन दारं होती; ती ८ व्या आवृत्तीत ६५५३४ वर एक झाली.

‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ हा त्याच वळणाचा धाकटा भाऊ. त्याच्या बाजूने सांगण्यासारखं एक खरं आहे: पीएचपीएमवायअ‍ॅडमिनसारखं पॅकेज अपाचे, एनजीनएक्स की लायटीपीडी यांतला वेब सर्व्हर कोणता हे न बघता आपल्या कॅशे फोल्डरला एकच मालक देऊ शकतं. सोय मोठी आहे. किंमतही. एका यंत्रावर दहा वर्डप्रेस साइट, दहाही याच खात्यावर. एका साइटचं प्लगइन फुटलं की उरलेल्या नऊंची ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’ फाईल, तिच्यातल्या डेटाबेसच्या पासवर्डसह, वाचायला मोकळी. त्यात भर म्हणून जागोजागी मिळणारा तो सल्ला: ‘परवानगीची अडचण येतेय? अख्खं फोल्डर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाच्या मालकीचं करा.’ डेबियनच्या स्वतःच्या दस्तऐवजात याच्या नेमकं उलट लिहिलं आहे. साइटच्या फाईली या खात्याच्या मालकीच्या नसाव्यात, नाहीतर फुटलेला सर्व्हर साइट बदलू शकेल.

बरोबर मांडणी जड नाही. प्रत्येक साइटला वेगळं सिस्टीम-खातं, शेल ‘नोलॉगिन’ (लॉगिन नाकारणारं), त्याच नावाचा ग्रुप. पीएचपी चालवणाऱ्या पीएचपी-एफपीएम या सेवेचा प्रत्येक साइटसाठी वेगळा पूल, म्हणजे प्रक्रियांचा गट. त्यात यूजर आणि ग्रुप त्या साइटचे. पूल आणि वेब सर्व्हर यांना जोडणाऱ्या सॉकेटचा मालक वेब सर्व्हरचं खातं आणि मोड ०६६०. हे विसरलं की ब्राउझरमध्ये ‘५०२’ ही चूक दिसते आणि एनजीनएक्सच्या एरर-लॉगमध्ये ‘१३: परमिशन डिनाइड’, पीएचपीत दोष शोधत बसू नका, सॉकेटची मालकी बघा. कोडच्या फाईली ज्या खात्याने चढवता त्याच्या मालकीच्या, ग्रुप साइटचा, फोल्डर ७५० आणि फाईल ६४०. लिहिण्याची परवानगी फक्त अपलोडच्या फोल्डरला. वेब सर्व्हरच्या खात्याला चित्रं-स्टाइलशीट वाचण्यासाठी साइटच्या ग्रुपमध्ये घालावं लागतं. ते घातल्यावर एनजीनएक्स पुन्हा सुरू करा. चालत्या प्रक्रियेला नवा ग्रुप कळत नाही, आणि ‘मी तर घातलंय’ म्हणून अर्धा तास जातो. पासवर्ड असलेली कॉन्फिग फाईल तेवढी साइटच्या खात्याच्या मालकीची, ४०० मोडची ठेवा, म्हणजे ग्रुपमधून आलेल्या वेब सर्व्हरलाही ती दिसत नाही.

आयत्या खात्याबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे: शेल ‘नोलॉगिन’ आहे, पासवर्ड कुलूपबंद आहे, मग त्याचा त्रास काय? शॅडो-फाईलमधली फुली (*) किंवा उद्गारचिन्ह फक्त पासवर्डने शिरणं अडवते. एसएसएचची, म्हणजे दुरून लॉगिन करण्याची, किल्ली ही वेगळी वाट आहे. आणि ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या ‘क्रॉन’ला नोलॉगिनशी देणंघेणं नाही, तो काम ‘बिन-एसएच’ या शेलमधून चालवतो. म्हणून वेब सर्व्हर फोडून कॉइन-मायनर (दुसऱ्याच्या यंत्रावर आभासी नाणी काढणारा प्रोग्रॅम) घुसवणारे तो वेब-खात्याच्या क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे क्रॉनच्या कामांच्या यादीत, ठेवतात; प्रक्रिया मारली की तो मिनिटाभरात परत उठतो. क्रॉनच्या ‘अलाउ’ फाईलमध्ये ज्या खात्यांना क्रॉन लागतो तेवढीच नावं लिहिली की हे दार बंद होतं. पोस्टग्रेसच्या खात्याला तर रेड हॅट आणि डेबियन दोन्हीकडे ‘बॅश’ शेल असतं, कारण देखभालीसाठी त्या खात्यात शिरावं लागतं. पासवर्ड नसेपर्यंत ते निर्धोक. पण कोणी सोय म्हणून त्याला ‘पोस्टग्रेस’ हाच पासवर्ड देतो, आणि इंटरनेटवर रात्रंदिवस एसएसएच ठोठावणाऱ्या यंत्रांच्या यादीत ‘रूट’च्या मागोमाग ‘पोस्टग्रेस’, ‘ओरॅकल’, ‘गिट’ ही नावं असतातच.

पासवर्डसकट येणारं आयतं खातं हा वेगळाच विषय, आणि त्यावर वाद घालण्याजोगं आता काही उरलेलं नाही. व्हीएमएस या जुन्या सिस्टीमच्या काळात ‘सिस्टम’ खात्याचा पासवर्ड ‘मॅनेजर’ आणि ‘फील्ड’चा ‘सर्व्हिस’. ओरॅकल डेटाबेसमध्ये ‘स्कॉट’ आणि ‘टायगर’. २०१६ मध्ये मिराई या बॉटनेटने (बळकावलेल्या उपकरणांच्या जाळ्याने) कारखान्यातून आलेल्या साठेक नाव-पासवर्ड जोड्यांच्या बळावर कॅमेरे आणि राउटर गोळा केले. मायएसक्यूएलने ५.७ मध्ये निनावी खातं काढलं आणि रूटला यादृच्छिक पासवर्ड द्यायला सुरुवात केली, रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावरच्या सिस्टीमने एप्रिल २०२२ मध्ये ‘पाय’ हे आयतं खातं बंद केलं, ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून असे ठरावीक पासवर्ड असलेली घरगुती स्मार्ट उपकरणं विकण्यावर कायद्यानेच बंदी आहे.

मग खातीच काढून टाका, असं सांगणारं दुसरं टोक सिस्टमडीकडे (लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेकडे) आहे: डायनॅमिक यूजर. सेवा सुरू झाली की तात्पुरता नंबर, थांबली की नंबर परत. दप्तरात ओळच नाही. डेटा ठेवायचा असेल तर तो ‘व्हार-लिब-प्रायव्हेट’च्या आत राहतो आणि नंबर बदलला असेल तर सुरू होताना सगळ्या फाईलींचा मालक बदलून घेतला जातो. ज्या सेवेला स्वतःचा डेटा नाही, म्हणजे एखादा प्रॉक्सी किंवा मोजमाप बाहेर पाठवणारा एजंट, तिच्यासाठी ही युक्ती फार सुंदर. डेटाबेससाठी नाही. नंबर ६११८४ ते ६५५१९ या पट्ट्यातून सेवेच्या नावाचा हॅश (नावावरून गणिताने काढलेला आकडा) करून सुचवला जातो. पट्ट्यात ४,३३६ नंबर. एका यंत्रावर अशा ७८ सेवा ठेवल्या तर कुठल्या तरी दोघींची टक्कर होण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास जाते. टक्कर झाली तर दुसरा नंबर घेतला जातो, सेवा अडत नाही. पण ‘सगळीकडे एकच नंबर’ ही हमी तिथेच संपते. आणि सिस्टमडीच्या मूळ मांडणीतला हा पट्टा डेबियनच्या ६०००० ते ६४९९९ या राखीव पट्ट्यावर चढलेला आहे. दोन शेतांचे बांध एकमेकांत घुसलेले, मोजणी कोणी केलीच नाही.

नंबर नावावरूनच काढायची कल्पना मात्र वाया गेलेली नाही. विंडोजने ती पुरती वसूल केली. आयआयएस या विंडोजच्या वेब सर्व्हरच्या ६ व्या आवृत्तीपर्यंत निनावी पाहुण्यांचं खातं ‘आययूएसआर’पुढे यंत्राचं नाव जोडून बनायचं आणि प्रत्येक यंत्रावर त्याचा ओळख-क्रमांक वेगळा असायचा. साइटचं फोल्डर परवानग्यांसह दुसऱ्या सर्व्हरवर कॉपी केलं की परवानग्यांच्या यादीत अनोळखी आकड्यांची रांग दिसायची आणि साइट बंद. आयआयएस ७ ने सगळीकडे एकच क्रमांक असलेलं अंगभूत ‘आययूएसआर’ आणलं. सेवांसाठी त्याहून पुढे गेले: सेवेच्या मोठ्या अक्षरांतल्या नावाचा शा-१ हॅश, तोच तिचा क्रमांक. ‘एमएसएसक्यूएलसर्व्हर’चा क्रमांक पुण्यातल्या यंत्रावर आणि न्यू जर्सीतल्या यंत्रावर एकच, कुठलं रजिस्टर नाही, कोणाकडे अर्ज नाही. विंडोजकडे त्यासाठी १६० बिटांची जागा आहे. युनिक्सच्या नंबराला ३२ बिट आणि त्यातही ६५५३५ च्या आतच राहण्याची जुनी सवय. एवढ्या जागेत टक्कर टाळायची तर हॅशवर भागत नाही, रजिस्टरच लागतं.

आणि असं रजिस्टर कसं असावं याचा नमुना डेबियनकडे पडून आहे. त्यांच्या धोरणातला ६०००० ते ६४९९९ हा पट्टा: नंबर प्रकल्पाने कायमचा दिलेला, पण खातं पॅकेज टाकल्यावरच बनणार. पाच हजार जागा. फ्रीबीएसडीच्या पोर्ट्स या पॅकेज-संग्रहातही ‘यूआयडीज’ नावाची एक साधी फाईल आहे. मायएसक्यूएलला ८८, पोस्टग्रेसला ७७०, बाकीचे असेच, आणि खातं पोर्ट टाकतानाच उघडतं. ओपनबीएसडीची पॅकेजं तेच करतात, तिथे ‘_पोस्टग्रेसक्यूएल’ ५०३. म्हणजे पद्धत सिद्ध आहे. प्रत्येक घराण्याचं रजिस्टर मात्र वेगळं, हीच खोट. डेबियन, फेडोरा आणि अल्पाइन यांनी मिळून वरच्या पन्नासेक सर्व्हर सॉफ्टवेअरपुरता एक पट्टा समान केला तरी कंटेनरच्या ९९९ ची आणि सेफच्या १६७ ची बरीचशी पीडा संपेल. जुन्या यंत्रांना हात लावायची गरज नाही. नव्या प्रतिमा आणि नव्या सेवांपासून सुरुवात करता येते.

अवजारही तयार आहे. सिस्टमडीच्या ‘सिसयूजर्स’मध्ये पॅकेजने एक ओळ द्यायची: नाव, नंबर, वर्णन, होम, शेल. रेड हॅट घराण्यातल्या आरपीएमच्या ४.१९ आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून, पॅकेज-व्यवस्थापक स्वतःच ती ओळ वाचून खातं उघडतो. एक खोच आहे: सुचवलेला नंबर आधीच दुसऱ्याकडे असेल तर ‘सिसयूजर्स’ न कुरकुरता दुसरा घेतं, आणि नोंद फक्त डीबग पातळीवर, म्हणजे एरवी न दिसणाऱ्या नोंदींत, पडते. फेडोरात याला ‘सॉफ्ट स्टॅटिक’ म्हणतात. ज्या सेवेचा डेटा सामायिक साठवणीवर आहे तिथे हे मऊपण नको. नंबर मिळाला नाही तर पॅकेजने टाकायलाच नकार द्यावा. पोस्टग्रेस चुकीच्या मालकीवर सुरू होत नाही, तो कडकपणा इथे एक पायरी आधी आणायचा, एवढंच.

अपवाद एकच मान्य करावा लागतो: ज्या सेवेवाचून यंत्रात शिरताच येत नाही तिचा. ओपनएसएसएचने २००२ मध्ये विशेषाधिकार वेगळे करण्याची पद्धत आणली. पाहुण्याची ओळख पटेपर्यंतचं काम ‘एसएसएचडी’ या बिनहक्काच्या खात्यावर, रिकाम्या फोल्डरमध्ये कोंडून होतं. ते खातं नसेल तर सर्व्हर ‘प्रिव्हिलेज सेपरेशन यूजर एसएसएचडी डझ नॉट एक्झिस्ट’ म्हणून सुरूच होत नाही. दूरच्या डेटा सेंटरमधल्या यंत्रावर ही ओळ वाचायलाही तुम्ही आत पोचू शकत नाही. अशी खाती मूळ सिस्टीमसोबतच यावीत.

राहिला प्रश्न सेवा काढल्यावर काय. सुरक्षा-तपासणीचा अहवाल आला की ‘न वापरातली खाती काढा’ ही ओळ ठरलेली असते, आणि कोणीतरी ‘यूजरडेल’ चालवून यादी स्वच्छ करतो. फाईली मात्र राहतात, नंबर मोकळा होतो, आणि पुढे टाकलेल्या सेवेला तोच नंबर मिळाला की तिला वारसाहक्काने जुन्या सेवेचा डेटा आणि लॉग मिळतात. म्हणून फेडोराचा नियम आहे की पॅकेज काढलं तरी त्याने बनवलेलं खातं काढायचं नाही. आपल्याकडे याला आणखी एक बाजू आहे. सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. ऑडिटच्या कच्च्या नोंदीत नाव नसतं, नंबर असतो. चार महिन्यांपूर्वीच्या नोंदीतला ९९३ तेव्हा कोणाचा होता हे खातं पुसल्यावर सांगता येत नाही. ऑडिटडी या नोंदी ठेवणाऱ्या सेवेत लॉग-फॉरमॅट ‘एनरिच्ड’ ठेवला तर नोंद करतानाच नाव सोबत लिहिलं जातं. ते तपासून घ्या. तपासनीसाला खातं पुसलेलं हवंच असेल तर क्रम असा: सेवा आणि तिचा क्रॉनटॅब काढा, ‘फाइंड’ला ‘-यूआयडी’ देऊन सगळ्या माउंट केलेल्या डिस्कवरच्या तिच्या फाईली शोधा, हलवा किंवा पुसा, बंद ठेवलेल्या व्हॉल्यूमही जोडून बघा, नंबर आपल्या रजिस्टरमध्ये ‘वापरून झालेला’ म्हणून लिहा, आणि मगच ओळ काढा. नंतर ‘फाइंड’ला ‘-नोयूजर’ देऊन एकदा फिरवा. काही सापडलं, तर ते बहुधा बॅकअपच्या फोल्डरमध्ये असेल.